गेनूभाऊंनी मळवलेलं विमान

गेनूभाऊ गेल्याचं मला शाळेत कळलं. तिसरा तास चालू होता. सातवीच्या वर्गाला मी फळ्यावर सुरईचं चित्र काढून दाखवत होतो, आणि रेल्वे यार्डातला एक पॉइंटमन टोपी हातात धरून दाराशी उभा राहिला. "मास्तर, पेंटर गेले," एवढंच तो म्हणाला. मी फळ्यावरची सुरई पुरी केली. का केली, ते मला आजही सांगता येत नाही... पुरी केली, खडू ठेवला, हात पुसले आणि मग बाहेर पडलो. त्याला आता पाच आठवडे झाले.

लोणावळ्यात त्यांना सगळे 'पेंटर' म्हणत. मूळचे सुदुंबऱ्याचे, शेतकऱ्याच्या घरातले. पहिल्या महायुद्धाच्या दिवसांत भावाला शेतीत ठेवून ते यार्डात डबे धुवायच्या कामाला लागले. डबा धुता धुता त्यावरचं पुसट झालेलं अक्षर ते कोळशाने फरशीवर जसंच्या तसं गिरवायचे. ते कुणा साहेबाने पाहिलं आणि त्यांच्या हाती कुंचला दिला. पुढची तीस वर्षं डब्यांवरचे आकडे, इंजिनांवरची अक्षरं, फलाटावरच्या पाट्या त्यांनी रंगवल्या. इंग्रजी एक अक्षर वाचता यायचं नाही, पण पट्टी न लावता ओळ सरळ यायची. विजेची इंजिनं येण्याआधी घाट चढून आलेली गाडी धुराने काळीठिक्कर व्हायची. ती खरवडून, धुऊन, रंग देऊन नवी करायची हे त्यांचं काम, आणि तोच त्यांचा स्वभावही झाला होता. आमच्याकडे चहाला आले तरी कपाच्या कानाचा डाग अंगठ्याने घासत बसायचे.

आमची ओळख दाट झाली ती दुसऱ्या युद्धात. विमानविरोधी तोफांवरच्या जवानांना आकाशातलं विमान आपलं की शत्रूचं हे खालून ओळखता यावं, म्हणून शिकवण्यासाठी लाकडी नमुने हवे होते. शाळेत मी चित्रकलेबरोबर सुतारकामही शिकवतो, त्यामुळे ते काम माझ्याकडे आलं. आराखडे यायचे, त्याबरहुकूम मी शिवणीच्या लाकडातून धड आणि पंख कोरायचो, आणि रंग गेनूभाऊ द्यायचे. रंग एकच, काळा. वर उडणारं विमान खालून काळंच दिसतं, म्हणून नमुन्यावर ना खूण, ना अक्षर, नुसती आकृती. शनिवारी दुपारी शाळेच्या व्हरांड्यात तारेला टांगलेली वीस-वीस विमानं वाळत असायची. त्यांच्याखाली उभे राहून गेनूभाऊंनी एकदा मला विचारलं होतं, "ह्यातलं आपलं कंचं आन् त्येंचं कंचं, मास्तर? मला तर समदी सारकीच दिसत्यात." आम्ही दोघंही हसलो होतो.

त्यांचा एकुलता एक मुलगा वसंता माझा विद्यार्थी. गणितात तल्लख, हाताला वळण बापाचं. मॅट्रिक झाल्यावर त्याने रेल्वेतच कारकून व्हावं, असं गेनूभाऊंच्या मनात होतं. शब्दही टाकून झाला होता. हवाई दलाच्या भरतीची जाहिरात त्याला मी दाखवली. अर्जही मीच भरून दिला. गेनूभाऊ त्या संध्याकाळी माझ्या घरी आले, कपाचा कान अंगठ्याने घासत बसले. मग म्हणाले की पोराची आई जेवत नाही, पण तुम्ही म्हणाल तसं करू. मी म्हणालो, "जाऊ द्या त्याला. जग बघेल." किती सहज म्हणालो मी ते...

वसंता विमानातला बिनतारी यंत्रावरचा आणि मागच्या बंदुकीवरचा माणूस झाला. ब्रह्मदेशाच्या सरहद्दीवरून त्याची पत्रं यायची. गेनूभाऊंना मराठी जेमतेम वाचता येई, म्हणून दर रविवारी सकाळी मी त्यांच्या खोलीवर जाऊन पत्र वाचून दाखवायचो. वहिनी, म्हणजे सरूबाई, चुलीकडे तोंड करून ऐकायच्या. एका पत्रात त्याने लिहिलं होतं, "मी विमानात मागं तोंड करून बसतो. पुढं काय येतंय ते वैमानिकाला दिसतं, मला फक्त मागं राहिलेलं दिसतं." आणि दुसऱ्या एकात, "आबा, तुम्ही आमचं विमान बघितलं तर आधी बादली आणि फडकं मागाल." इंजिनाच्या धुराचे काळे पट्टे अंगावर ओघळलेत, पंखावर पाय ठेवून चढतो तिथला रंग उडून पत्रा उघडा पडलाय, पोटाला तेल गळतंय आणि त्यावर धावपट्टीची लाल धूळ बसलीय, असं त्याने हौसेने वर्णन केलं होतं. गेनूभाऊंनी ते पत्र माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं.

मग तार आली. आधी बेपत्ता असल्याची, आणि काही आठवड्यांनी दुसरी. विमान जंगलात पडलं होतं. हाती काही लागलं नव्हतं. दहन करायला काही नाही, अस्थी न्यायला काही नाही. आंबीहून वहिनींच्या माहेरची माणसं आली, बसली, निघून गेली. मी तेरा दिवस रोज गेलो. गेनूभाऊंनी मला एका शब्दाने बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं.

पावसाळा सरल्यावर ते शाळेत आले आणि म्हणाले, "मास्तर, त्येचं इमान करू या. काळं न्हाई. त्येचं."

वसंताने पाठवलेला एक फोटो होता. विमानाच्या पंखाला टेकून तो उभा, मागे विमानाचं निम्मं धड, त्यावरचं मोठं 'के' अक्षर आणि हवाई दलाची वर्तुळाची खूण. तेवढ्यावरून मी सव्वा हात लांबीचं विमान कोरलं. गेनूभाऊंनी त्याला आधी नखशिखांत रुपेरी रंग दिला. तो पत्रा. त्यावर वरच्या अंगाला हिरवा आणि मातकट, खाली फिकट. रंग वाळल्यावर, जिथे वसंताचा पाय पडत असे तिथे, पंखाच्या मुळाशी, त्यांनी काचकागद इतका हलका फिरवला की हिरव्याखालचं रुपेरी उगवून आलं. कंदिलाच्या काचेवरची काजळी टर्पेंटाइनमध्ये कालवून त्यांनी धुराचे पट्टे ओढले, बोटाने मागे पुसत नेले. पोटाखाली जवसाचं तेल लावून त्यावर वस्त्रगाळ केलेली लाल माती फुंकली. आयुष्यभर मळ खरवडणारा तो माणूस एकेक डाग जपून, पत्रातल्या शब्दाबरहुकूम बसवत होता. मी पत्र वाचायचो, ते हात चालवायचे. "हितं किती म्हनलाय त्यो? लय, का थोडं?" असं विचारायचे, आणि मी ती ओळ पुन्हा वाचायचो.

वर्तुळाची खूण मात्र कुंचल्याने काढायची नाही, असं त्यांनी ठरवलं. पहिल्या वर्गाच्या डब्यांवर राजमुद्रेचा छाप लावायचं काम त्यांनी केलं होतं, तीच रीत त्यांनी धरली. कागदावर डिंकाचा थर, त्यावर रंगाने खूण, वर व्हार्निश. कागद पाण्यात बुडवला की डिंक सुटतो आणि खूण पापुद्र्यासारखी अलगद सरकून लाकडावर बसते. खुणेचे रंग मी सांगितले. बाहेर निळा, मध्ये लाल. आराखड्यांबरोबर शाळेत आलेल्या खुणांच्या तक्त्यात तसंच होतं. गेनूभाऊ फोटो उजेडाला धरून म्हणाले, मधला भाग तर फिकट दिसतोय, लाल असता तर फोटोत काळसर आला असता. रंगाच्या बाबतीत त्या माणसाची नजर कधी चुकली नव्हती. तरी मी म्हणालो की उन्हाने उडाला असेल, तक्ता सरकारी आहे. त्यांनी माझं ऐकलं. माझं ते नेहमीच ऐकत.

युद्ध संपल्यावर वसंताच्या तुकडीतला शेलार नावाचा मेकॅनिक घरी परतताना मुद्दाम लोणावळ्याला उतरला. वसंताचा मग आणि लोकरी गळपट्टा त्याने वहिनींच्या हाती दिला. मग त्याची नजर फळीवरच्या विमानाकडे गेली. त्याने ते दोन्ही हातांनी उचललं, धुराच्या पट्ट्यांवरून बोट फिरवलं. हे आमचंच, असं तो कसंबसं म्हणाला. थोड्या वेळाने म्हणाला की एक चूक आहे, मधला लाल नको. तिकडे सगळ्या विमानांवरचा लाल काढून टाकला होता. जपानी विमानावर लाल गोळा असतो. आपलं विमान शत्रूचं समजून आपल्याच माणसांनी पाडू नये म्हणून तसा हुकूमच होता.

गेनूभाऊंनी शांतपणे विचारलं, "मग वसंताचं कुनी पाडलं?"

शेलार विमानाकडे बघत राहिला. जपान्यांनी, असं म्हणायला त्याला फार वेळ लागला.

मी त्याला स्टेशनवर पोचवायला गेलो. फलाटावर त्याने न विचारताच सांगितलं. ढग खाली आले होते, विमानं कामगिरी संपवून परतत होती, आणि टेकडीवर नव्याने आलेल्या आपल्याच तोफांनी त्यांना शत्रू समजून गोळे टाकले. वसंताचं विमान शेवटचं होतं. म्हाताऱ्याला सांगू नका, असं म्हणून तो डब्यात चढला. ते तोफेवरचे जवान कुठे शिकले असतील, कोणते नमुने बघून... कोण सांगणार. आमचे नमुने कुठे कुठे गेले ते आम्हाला कधीच कळलं नव्हतं. पण गाडी गेल्यावर मी फलाटावर उभा होतो आणि मला शाळेचा व्हरांडा दिसत होता.

मी परत आलो तेव्हा गेनूभाऊ चाकूच्या टोकाने मधला लाल खरवडत होते. मान वर न करता त्यांनी विचारलं, गाडी वेळेवर होती का. मी म्हणालो, होती.

त्यानंतर मी दर रविवारी जात राहिलो. नवीन पत्र यायचं नव्हतं, जुनीच वाचायचो. विमान कधी पुरं झालं नाही. प्रत्येक वेळी त्यांना एखादा डाग कमी वाटायचा. बोलता बोलता ते थांबायचे, माझ्याकडे बघायचे, आणि मी पुढची ओळ वाचायचो. त्यांना धक्का बसू नये म्हणून मी गप्प आहे, असं मी स्वतःला सांगत होतो. आज इतकंच म्हणतो की ते खोटं होतं. अर्ज मी भरला होता, नमुने मी कोरले होते. मला त्यांच्या तोंडाकडे बघून ते वाक्य उच्चारायचं नव्हतं.

गेल्या वर्षापासून त्यांचं मनगट लुळं पडायला लागलं. पोटात कळा यायच्या, हिरड्यांवर निळी रेघ आली. डॉक्टर म्हणाले की रंगातलं शिसं अंगात भिनलंय, आता काही होण्यासारखं नाही. कुंचला हातातून गळायचा. शेवटच्या रविवारी ते भिंतीकडे तोंड करून पडले होते. मी पत्रांचा गठ्ठा सोडला, तर म्हणाले आज नको. मग कुशीवर वळले आणि विचारलं, "मास्तर, त्या दिशी ठेसनावर शेलारानं तुमास्नी काय सांगितलं?"

"काही नाही, गेनूभाऊ," मी म्हणालो. "गाडीचंच बोललो."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांत राग नव्हता. "बरं," म्हणाले, आणि पुन्हा भिंतीकडे वळले. चौथ्या दिवशी ते गेले.

तेराव्यानंतर मी वहिनींना भेटायला गेलो. कोनाड्यात कुंचले धुऊन, पुसून, टोकं वर करून उभे होते. त्या नेहमीसारख्या चुलीकडे तोंड करून बसल्या होत्या. त्यांनी मला चहा दिला आणि फार थंडपणे सांगितलं की गेनूभाऊंना माहीत होतं. शेलाराचं तोंड बघूनच कळलं होतं. मी स्टेशनवर गेलो तेव्हा त्यांनी वहिनींना म्हटलं होतं की आपल्याच लोकांनी मारलाय, मास्तर येऊन सांगतील. वसंताचं कसं झालं, हे त्यांनी वहिनींपाशी पुन्हा काढलं नाही. बाईमाणसाला किती वेळा तेच ऐकवायचं, म्हणत. "तुमी बोलाल म्हनून वाट बघायचे," त्या म्हणाल्या. "दर ऐतवारी. तुमी गेल्यावर म्हनायचे, आज बी न्हाई."

माझ्या हातातल्या चहावर साय धरली.

निघताना त्यांनी विमान जुन्या धोतरात गुंडाळून माझ्या हातात दिलं. म्हणाल्या, "घिऊन जावा. हितं ऱ्हायलं तर मी एक दिस पुसून टाकीन. अन् पुसायचं न्हाई म्हनून त्येंनी सांगितलंय."

ते आता चित्रकलेच्या वर्गातल्या काचेच्या कपाटात आहे. कपाटाच्या दाराला फट आहे. यार्डातल्या इंजिनांचा धूर आणि रस्त्याची माती आत जाते. परवा शाळा सुटल्यावर मी फडकं घेऊन कपाट उघडलं. पंखांवर, पोटाखाली, 'के' अक्षरावर धूळ होती. त्यातली गेनूभाऊंनी बसवलेली कोणती आणि नंतर बसलेली कोणती, ते मला ओळखता येईना. बराच वेळ उजेडाला धरून पाहिलं. मग तसंच आत ठेवलं आणि कपाट लावलं.