गुहेतल्या पुतळ्याच्या गळ्यात हात

आमच्या घरातून कॉलेजात गेलेला पहिला माणूस मी, आणि गुहेतून पोत्यासारखा बाहेर आणलेला पहिला माणूसही मीच.

माझा हेतू मात्र चांगला होता. धाकटी सुजाता बारावी पास झाली होती आणि तिला पुढे शिकवावं की नाही, हे बाबांचं ठरत नव्हतं. बाबा गोंदियाच्या राइस मिलमध्ये हमाल आहेत. म्हणाले, "तू शिकून काय फरक पडला, थे तं दिसू दे पहिले." (मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. फरक एवढाच, की चष्मा लागला होता.) तो फरक दाखवायला मी एका सुट्टीत दोघांना सालेकशाकडच्या सांस्कृतिक उद्यानात नेलं. तिथे सिमेंटच्या पुतळ्यांचं खेडं आहे आणि मागच्या टेकडीत खरीखुरी गुहा.

आत शिरताच बाबांनी खाटेवरच्या म्हाताऱ्याला "जय भीम" केला. उत्तर नाही. पुन्हा केला, मोठ्याने.

"काऊन रे, बहिरा आहे का हा?"

"बाबा, तो सिमेंटचा आहे!"

झालं, माझं व्याख्यान सुरू! हा कुंभार पुतळा, ही जात्यावरची बाई पुतळा. आधी नीट पाहावं, मग बोलावं. शिक्षणाने हेच तर येतं! बाबा गुमान मान हलवत होते. सुजाताची ॲडमिशन जवळजवळ झालीच होती!

गुहेत अंधार. एका दगडावर मुंडासं बांधलेला म्हातारा, डोळे मिटलेले, हातात काठी.

"हा आदिमानव," मी सांगितलं.

"मुंडासं बांधून?" सुजाताने विचारलं.

"नंतरच्या काळातला."

"दादा, हा श्वास घेऊन राहिला."

"पुतळे श्वास घेत नाहीत, सुजाता. गुहेत वारा असतो." मी म्हाताऱ्याच्या गळ्यात हात टाकला. "मोबाईल काढ. घे फोटो!" काठी नीट दिसेना, म्हणून त्याची बोटं सरळ करायला गेलो. बोटं गरम होती.

"निघला का फोटो?" पुतळा म्हणाला. "मंग सोड ना बापा! कायले गुदगुल्या करून राहिला?"

तो तिथला चौकीदार होता! मी किंचाळलो, चष्मा पडला आणि मी पळालो. (बाहेर नव्हे, आत!) कपाळ दगडावर आपटलं, डोक्यावरून वटवाघळं उडाली आणि मी तिथेच बसलो. चौकीदाराने टॉर्च धरला. बाबांनी मला तांदळाच्या पोत्यासारखं खांद्यावर घेतलं आणि बाहेर आणलं. बाहेरच्या पर्यटकांनी टाळ्या वाजवल्या.

चौकीदाराने पाणी पाजलं, चष्माही शोधून दिला. पण परतीच्या बसमध्ये मला सुजाताकडे बघवेना. तिचं शिक्षण मीच बुडवलं होतं!

गोंदिया जवळ आलं, तसे बाबा बोलले, "सुजाता, उद्या शाळेतून दाखला आन. कॉलेजात नाव टाकू."

"खरंच, बाबा?"

"मंग! याच्या भरोशावर राहिलो तं कसं होईल? थो मानूस श्वास घेऊन राहिला, थे तुले दिसलं ना? घरात एक तरी हुशार पाह्यजे!"

आता सुजाता माझ्याच कॉलेजात शिकते. बाबांचे उपकार तर आहेतच, पण मी त्या चौकीदाराचाही ऋणी आहे. तो जरा आधी बोलला असता, तर ती आज घरीच बसली असती. आणि बहिणीच्या शिक्षणासाठी तू काय केलंस, असं कोणी विचारलंच, तर मी नम्रपणे सांगतो: जवळ होतं नव्हतं तेवढं सगळं अज्ञान पणाला लावलं!