लेव्हलचा बुडबुडा

बडोद्यातल्या एका कारखान्यात मी फिटरची उमेदवारी करायला लागले, तेव्हा त्या शेडमध्ये मी एकटीच बाई होते. बाबा रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये असल्यामुळे घरात हत्यारांचं कौतुक होतं. आई मात्र आमच्या अकोटा भागातल्या शेजारणींना "ती कंपनीत आहे" एवढंच सांगायची.

आमचे मुख्य फिटर वयस्कर गुजराती गृहस्थ होते. सगळे त्यांना काका म्हणत; बोलायचे ते गुजरातीतच. नव्या माणसाची फजिती केल्याशिवाय त्या शेडमध्ये त्याला कोणी आपला मानत नसे. माझ्याबरोबर लागलेल्या दोघांची पहिल्याच आठवड्यात झाली. एकाला डावखुरा हातोडा आणायला पाठवलं. दुसऱ्याच्या डब्यात दोन पोळ्यांच्या मधे पत्र्याची चकती सरकवली. मी आपली वाट बघत राहिले. माझ्याकडे कोणी वळेचना. "बेन, तमे बेसो," ताई, तुम्ही बसा, असं अदबीने म्हणून काका मला नट-बोल्ट पुसायला द्यायचे.

एकदा हट्टाने पाइप कापायला मागून घेतला. अर्धा तास हॅकसॉ ओढला, घामाघूम झाले, पण पाइपवर नुसते ओरखडे. पातं उलटं बसवलं होतं मी! दुसऱ्या कोणाचं असं झालं असतं, तर शेडला आठवडाभर हसायला पुरलं असतं. काकांनी गुपचूप पातं काढलं, फिरवून बसवलं आणि निघून गेले. बाकीचे खाली माना घालून कामात. त्या सभ्यपणाने मला रडू आलं.

मग ड्रिल मशीनचा तो दिवस. ड्रिल घट्ट आवळलं आणि आवळायची चावी तिथेच विसरून बटण दाबलं. चावी सुटली, काकांच्या कानाजवळून गेली आणि पत्र्याच्या भिंतीवर धाडकन आदळली.

"मरवुं छे तारे?" काका ओरडले. "मरायचंय का तुला? की मला मारायचंय?"

ती सगळी दुपार त्यांनी मला बंद मशीनपाशी उभं केलं. चावी लाव, काढ, जागेवर ठेव, मग बटणाला हात. पुन्हा. पुन्हा. हात भरून आले, तरी सोडलं नाही. घरी जाताना माझ्या लक्षात आलं की आज पहिल्यांदाच ते मला 'तमे' म्हणाले नव्हते, सरळ 'तू'वर आले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांनी हाक मारली. मशीन सपाट बसलंय का ते बघायची, काचेच्या नळीत हवेचा बुडबुडा असलेली लेव्हल त्यांच्या हातात होती. "यातला बुडबुडा फुटला. स्टोअरमधून नवा घेऊन ये."

मला कळलं. आणि मी अक्षरशः पळत निघाले.

स्टोअरवाल्याने गंभीरपणे विचारलं, "कोणत्या मापाचा?"

"मोठा द्या."

त्याने रंगखात्यात पाठवलं, रंगवाल्यांनी बॉयलरवर, बॉयलरवाल्याने गेटवर. प्रत्येक ठिकाणी मी तितक्याच गंभीरपणे बुडबुडा मागितला. परत आले तेव्हा सगळी शेड हात थांबवून उभी.

"मिळाला?" काकांनी विचारलं.

"मिळाला होता, काका. वॉचमनने अडवलाय. गेटपास नाही म्हणे."

असा हशा उठला की शेजारच्या शेडमधून माणसं बघायला आली. काकांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले.

आता मी दुसरीकडे सुपरवायझर आहे. माझ्या हाताखाली चार मुली फिटर आहेत आणि त्यांची थट्टा पहिल्या दिवसापासून होते. त्यांचा आरडाओरडा ऐकला की मला ती जुनी शेड फार आठवते.

काका त्या बुडबुड्यानंतर पुढच्याच वर्षी निवृत्त झाले. बडोद्यातच, पाणीगेट भागात राहायचे. शेवटच्या दिवशी सगळ्यांना पेढे देत माझ्यापाशी आले आणि मनात जुळवून आणलेलं एक वाक्य मराठीत म्हणाले, "तू चांगला फिटर झाली."

मी वाकून नमस्कार केला. ते वाक्य दुरुस्त करावंसं मला वाटलं नाही.