सकवारबाई कुणाच्या बाजूच्या

चिकपेटेत कापडदुकानांच्या मागच्या गल्लीत फत्तेसिंगराव घरांची दलाली करत. घराणं तीनशे वर्षांपूर्वी बेंगळुरात आलेलं. मराठी कानडीची फोडणी दिलेली. पण पुण्याहून नव्यानं आलेल्या माणसाला तेवढीही पुरे. सरकारी कारखान्यातले इंजिनिअर उमाकांत आगटे ती ऐकून विरघळलेच.

“आपला माणूस आहे,” ते फत्तेसिंगरावांच्या ओटीवर बसून बायकोला म्हणाले. फत्तेसिंगराव पान आणायला कोपऱ्यावर गेले होते.

“आपला, आणि मल्लाप्पांचाही,” सुलभा म्हणाली. मल्लेश्वरममधलं जे घर त्यांना घ्यायचं होतं, ते मल्लाप्पांचं. “दलाली दोघांकडून घेणार. मग घासाघीस कुणासाठी करणार?”

आत फत्तेसिंगरावांच्या पत्नी, सकवारबाई, अवरेच्या शेंगा सोलत होत्या. सूप घेऊनच त्या बाहेर आल्या.

“खरं बोललात अक्का. लग्नाच्या बैठकीत एकच मामा दोन्हीकडून बोलायला लागला, तर मुलीच्या बापानं उठावं. तुमच्या बाजूनं मी बघते. दलाली तुमची एकट्यांची घेईन. मल्लाप्पांची सुपारीसुद्धा नको.”

“आणि तुमचे यजमान?”

“ते राहू देत मल्लाप्पांचे.”

परतताना उमाकांत हसत सुटले. “नवरा विकणाऱ्याचा आणि बायको घेणाऱ्याची! जेवताना दोघं मिळून आपल्याला कापतील.”

“पानाबरोबर कोथिंबीर आणायला विसरले म्हणून तिनं त्यांना चपला काढायच्या आत परत पाठवलं, पाहिलंत ना? ती नवऱ्याला सोडत नाही, मल्लाप्पांना काय सोडणार!” सुलभा म्हणाली. तिचं ठरलं होतं.

पुरुष घर बघायला गेले की भिंती ठोकतात. सकवारबाई वाटी घेऊन शेजारी जात, विरजण मागायला. विरजण कुणी नाकारत नाही, आणि देताना कुणी गप्प बसत नाही.

मल्लाप्पांचं घर देखणं होतं. लाल कौलं, स्वयंपाकघरात नळ, मागच्या अंगणात एक सुटी खोली. खोलीला कुलूप होतं. “सरपण भरलंय,” मल्लाप्पा म्हणाले. पण सरपणाच्या दारात कुणीतरी नुकतीच रांगोळी घातली होती. सकवारबाईंनी पिशवीतून वाटी काढली.

विरजणाबरोबर मिळालं ते असं: खोलीत मल्लाप्पांच्या आत्या गंगव्वा राहत. मल्लाप्पांच्या वडिलांनी ती बहिणीला मरेपर्यंत राहायला दिली होती. गिऱ्हाईक येणार असलं की मल्लाप्पा आत्याला आनेकलला नातलगांकडे धाडत.

संध्याकाळी सकवारबाईंनी नवऱ्याला विचारलं, “तुम्हाला ठाऊक होतं?”

“इसार झाल्यावर सांगणारच होतो. आता बोलशील तर सौदा मोडेल. दिवाळीपासून एक घर विकलं गेलं नाही. कॉफीत स्वस्तातली चिकोरी वाढतेय ती मला कळत नाही होय?”

चिकोरी सकवारबाईच घालत होत्या.

इसाराच्या दिवशी सगळे मल्लाप्पांच्या बैठकीत जमले. उमाकांतनी खिशात हात घातला.

“थांबा,” सकवारबाई म्हणाल्या. “आधी मागच्या खोलीचं कुलूप काढा.”

“अगं, तू गप्प बस!” फत्तेसिंगराव ओरडले.

“तुम्ही तुमच्या गिऱ्हाइकाला सांभाळा, मी माझ्या सांभाळते.”

कुलूप निघालं. आत खाट, जपमाळ, धुऊन पालथं घातलेलं कॉफीचं फिल्टर. लाकडाची एक ढलपी नव्हती. सकवारबाईंनी सगळं सांगितलं. मल्लाप्पांनी कपाळ पुसलं. “स्वल्प दिवसांचा प्रश्न आहे. वय झालंय आत्याचं.”

“म्हणजे या लोकांनी वाट बघत बसायचं? तसं खरेदीखतात लिहिणार का?” सकवारबाई म्हणाल्या.

उमाकांत उठले. “चल सुलभा. हे घर नको.”

सुलभा उठली नाही. मुलांना अंगण असलेलं घर तिला बेंगळुरात आल्यापासून पहिल्यांदा दिसलं होतं. “त्या आहेत कशा?” तिनं विचारलं.

“ते मला माहीत नाही,” सकवारबाई म्हणाल्या. “माहीत नाही त्याची हमी मी देत नाही. उद्या आनेकलला जाऊन बघू.”

बसमधून तिघं उतरली. गंगव्वांनीच त्यांना ओळीनं बसवून तपासणी सुरू केली. सकवारबाई मराठी करून सांगत होत्या.

“मुलं किती, विचारतात. मिरच्या भाजताना दार लावता का? रेडिओ मोठ्यानं लावता का?”

“आमच्याकडे रेडिओच नाही,” सुलभा घाईनं म्हणाली.

गंगव्वांचा चेहरा पडला. त्या बराच वेळ कानडीत काहीतरी बोलल्या.

“काय म्हणतात?”

“रेडिओ नाही, मग संध्याकाळी करायचं काय? आणि म्हणतात, आधी दोन गिऱ्हाइकं पळाली, पण मला विचारायला कुणी आलं नव्हतं.”

“रेडिओ घेऊ म्हणावं,” उमाकांत म्हणाले आणि स्वतःच दचकले.

“सरी!” गंगव्वा खुशीनं मान डोलावत म्हणाल्या. त्याला भाषांतर लागलं नाही.

मल्लाप्पांना भाव उतरवावा लागला. खोली गंगव्वांच्या हयातीपर्यंत त्यांची, हे खरेदीखतात आलं. फत्तेसिंगरावांना मल्लाप्पांकडून दलाली मिळाली, तरी चार दिवस ते बायकोशी कामापुरतंच बोलले.

पाचव्या दिवशी ओटीवर एक जोडपं आलं. फत्तेसिंगरावांनी त्यांना बसवलं, पान पुढे केलं.

“विकायचंय की घ्यायचंय?”

“घ्यायचंय.”

त्यांनी पान मागे ओढलं आणि आत वळून हाक मारली, “अगं, ऐकलंस का? तुझं गिऱ्हाईक आलंय.”