माजी विद्यार्थ्यांच्या वहीत माझं नाव

कुसुम, मिरज स्टेशनवर गाडी हलली तेव्हा तू खिडकीतून चटणीचा डबा आत सरकवलास आणि म्हणालीस, "ताई, दोन महिन्यांत पळून येशील बघ." मलाही तसंच वाटलं होतं गं. हे गेल्यावर माझ्या शेखरनं हट्टानं इकडे बोलावून घेतलं. तेव्हा जपानातल्या या हिगाशी-कसाईत आपली कॉम्प्युटरवाली मुलं एवढी येत होती, की बिल्डिंगच्या लिफ्टमध्येही फोडणीचा वास यायचा. त्याला चार वर्षं झाली.

खरं सांगू? मी इथं एका बाईवर जळते.

तिसऱ्या मजल्यावरच्या मोरी-सान. आपली मुक्ता ज्या सरकारी हायस्कुलात जाते, तिथल्याच त्या जुन्या विद्यार्थिनी. शाळेचा इतिहास लिहायचं काम मुलांकडे आलं, आणि माझी नात दर रविवारी वही घेऊन त्यांच्या दारात. पूर्वी ती फक्त मुलींची शाळा होती म्हणे. लढाईत अभ्यास बंद, मुली सैनिकांचे कपडे शिवायच्या. मग बॉम्बमध्ये इमारत जळाली, तर वर्ग देवळात भरले. मुक्ता हे जेवताना रंगवून सांगायची आणि माझा घास तोंडात फिरायचा. मोरी-सानची शाळा जळाली, तरी त्या शिकल्या. आपली शाळा अजून शाबूत उभी आहे, आणि बाबा म्हणाले, "सातवी पुष्कळ झाली. आता घरातलं बघ."

तुझी शाळा कशी होती आजी, असं मुक्तानं मला एकदाही विचारलं नाही.

शाळेत त्या इतिहासाचं प्रदर्शन भरलं, त्याला आम्ही सगळे गेलो. दाराशी दोन वह्या. डावी पाहुण्यांची, उजवी माजी विद्यार्थ्यांची. मुक्तानं नीट समजावलं होतं. मी उजवीत लिहिलं, ठळक मराठीत: सुमन, सातवी ब.

मुक्ता लालबुंद. "आजी, दामे! असं नाही चालत! ही तुझी शाळा आहे का?"

"नाही, ठाऊक आहे मला."

मोरी-साननी मुक्ताकडून अर्थ विचारून घेतला आणि हसून म्हणाल्या, राहू दे. म्हणजे बघ, शाळेत शिरायची परवानगीसुद्धा यांच्याकडूनच घ्यायची!

परतताना सायकल हातात धरून चालता चालता मुक्ता म्हणाली, "सातवीनंतर का सोडलीस गं?"

एवढी वाट पाहिली होती, पण लगेच नाही सांगितलं. "रविवारी माझ्या खोलीत ये. वही घेऊन. मोरी-सानच्या आधी."

"त्यांना दहाची वेळ दिलीय."

"मग नऊला ये."

काल आली साडेनऊला, उठली पावणेदहाला.

परत कधी येतेस, म्हणून विचारतेस. कुसुम, जिथं मला आधी विचारतील ते माझं घर. इथं अजून माझा नंबर दुसरा आहे. पहिला लागेपर्यंत मी हलत नाही.