प्रभाकरच्या जागी खेळायला

गोल मी मारला. हार प्रभाकरच्या गळ्यात पडला.

झेंडूचा हार, चांगला पोटापर्यंत लोंबणारा. प्रभाकर मैदानात उतरलाच नव्हता. पांढरीशुभ्र पँट घालून तो मांडवात खुर्चीवर बसला होता, ऊन लागू नये म्हणून. सामना संपला तसा उठला, मान पुढे केली, हार घालून घेतला, पाहुण्यांशी हात मिळवला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी तिथंच उभा होतो. गुडघा फुटलेला, भाताच्या धसकटांनी पाय सोललेले. माझ्याकडे कुणी बघत नव्हतं.

मग आबाशेठनी बघितलं. म्हणाले, "उभा काय रं ऱ्हायलास? खुर्च्या उचल. सांज झाली."

मी खुर्च्या उचलल्या. डोक्यावर घेतल्या आणि शेठच्या घरी नेऊन ठेवल्या. आज आठवलं की अंगाची लाही लाही होते. त्या दिवशी काहीच झालं नाही. भूक लागली होती एवढंच आठवतं.

आबाशेठ म्हणजे आमच्याकडचं मोठं घर. पोशीर नदीच्या अंगाची निम्मी भातशेती त्यांची. प्रभाकर त्यांचा मुलगा, माझ्याच वयाचा. आम्ही वरच्या ठाकूरवाडीतले ठाकर आदिवासी. बाप शेठकडे गडी, म्हणून मीही गडी. मला कुणी विचारलं नव्हतं.

आणि हाराचं म्हणाल तर त्यात कुणालाच काही वावगं वाटलं नाही, कारण आमच्याकडे रीतच तशी होती. गावकीचं काम निघालं, नदीला बंधारा घालायचा असो की देवळाची कौलं फिरवायची असोत, घरटी एक माणूस यायचा. मोठ्या घरातला माणूस कधी यायचा नाही. तो गडी धाडायचा. गड्यानं दिवसभर चिखलात दगड वाहायचे, आणि संध्याकाळी गाव म्हणायचं, आज आबाशेठ आले होते बंधाऱ्याला. चेष्टेनं नव्हे, अगदी मनापासून म्हणायचं. शेठ घरी झोपाळ्यावर बसून पान खात असायचे, तरी ते बंधाऱ्यावर आलेले असायचे. माझ्या बापाच्या पाठीला पोक आलं, पण गावाच्या हिशेबी तो बंधाऱ्यावर कधी गेलाच नव्हता.

आता तुम्ही म्हणाल, ठाकराच्या पोराला फुटबॉल कुठून आला? सगळे हेच विचारतात. क्रिकेट खेळणाऱ्या वकिलाच्या पोराला कुणी विचारत नाही, तुझ्यात हे कुठून आलं. तरी सांगतो. माझा मामा कर्जतच्या अंगाला राहायचा. कर्जतला गाडीला घाटासाठी इंजिन जोडतात, आणि त्या इंजिनांवरचे अर्धगोरे ड्रायव्हर तिथल्या रेल्वेच्या वसाहतीत राहायचे. मामी त्यांच्याकडे लाकडाची मोळी घालायची. संध्याकाळ झाली की ते बॉल घेऊन मैदानात उतरायचे आणि एखादा गडी कमी पडला की मला हाक मारायचे. त्यांची भाषा मला कळत नव्हती, माझी त्यांना कळत नव्हती. पण बॉल द्यायला भाषा लागत नाही. मी नीट दिला की ते पाठीवर थाप मारायचे. पुढे एकेक जण बिऱ्हाड बांधून परदेशी गेला. मैदानात टणटणीची झुडपं माजली. आमच्या भागातला फुटबॉल तेव्हाच बुडाला. दिल्लीला कळायला मात्र बराच उशीर लागला.

कळलं तेव्हा मी गोठ्यात शेण काढत होतो. आबाशेठ ओटीवर पेपर वाचत होते. ते मोठ्यानं वाचायचे, घरात कुणी ऐको न ऐको.

"ऐकलंत का? दिल्लीला लोकसभेत फुटबॉलची चर्चा झाली. खासदार म्हनले, आपला फुटबॉल लई घसरलाय. मंत्री म्हनले, सरकारलाबी काळजी हाय."

माझा बाप खाली अंगणात बसला होता. तो म्हणाला, "अरेरे." फुटबॉल म्हणून कुणी शेठचा पाहुणा आजारी असावा असं त्याला वाटलं असणार.

"चांगलं खेळनाऱ्यास्नी सरकारी नोकरी देनार म्हनं. कायमची."

माझ्या हातातली पाटी तशीच राहिली. खोटं कशाला सांगू, मला वाटलं दिल्लीला माझंच कुणीतरी सांगितलं. एवढा येडा होतो मी. चार दिवस मी हवेत होतो. बैलांना पाणी दाखवतानासुद्धा स्वतःशी हसायचो.

दिल्लीच्या त्या काळजीचं पुढं काय झालं ते ऐका. ती मुंबईला कुठल्याशा साहेबाच्या टेबलावर आली. तिथून तालुक्याला उतरली. तालुक्याहून आबाशेठच्या ओटीवर आली, आणि ओटीवर चहा पिऊन होईस्तोवर तिची प्रभाकरची नोकरी झाली होती.

आबाशेठनी मला बोलावलं. "खालापुरात चाचनी हाय. कुंभिवलीच्या पुढं, हायवेला लागून कंपनीचं पटांगन हाय बघ, तितं. तू प्रभाकरच्या जागी जा. नाव पुकारलं की हजर म्हनायचं आन् खेळायचं. बाकी तोंड उघडायचं नाय."

मी विचारलं, "आन् शेठ, नोकरी?"

शेठना हसूच आलं. "नोकरी प्रभाकरला. तू काय करशील रं नोकरी घेऊन?" मग ते मऊ आवाजात समजावू लागले. "बंधाऱ्याला आमच्या घरातनं तू जातोस का नाय? मंग बंधारा कुनी बांधला? आमीच ना? तसंच हाय हे."

त्यांना त्यात लबाडी दिसतच नव्हती. डोळ्यांत डोळे घालून बोलत होते. चोर निदान इकडेतिकडे बघतो. घरी येऊन बापाला सांगितलं तर तो म्हणाला, "शेठला गडी पायजे. आपुन गडी. जा की." वर म्हणाला, "जीपमंदी बसायला भेटंल."

मी गेलो. खोपटं शेठच्या जागेत, चुलीवरचा भात शेठच्या शेतातला. नाही म्हणून कुठं उभा राहणार होतो?

जीपमध्ये पुढं शेठ आणि प्रभाकर. मधल्या सीटवर प्रभाकरचे नवे कोरे बूट, कागदात गुंडाळलेले. मी मागं, पायाशी. बुटांना धक्का लागू देऊ नको, असं मला दोनदा बजावण्यात आलं.

पटांगणात बरीच पोरं होती. मुंबईचा साहेब गॉगल लावून टेबलापाशी बसला होता. मी प्रभाकरचा शर्ट घातला, त्याचे बूट घातले. ते मला मोठे होत होते, म्हणून आत चिंध्या कोंबल्या. नाव पुकारलं तेव्हा मी गप्पच राहिलो. दुसऱ्यांदा साहेब ओरडला. मागून शेठ खाकरले. मग मी म्हणालो, "हजर."

खेळलो. कसा खेळलो ते मी सांगत बसत नाही. अर्ध्यात बूट काढून फेकले एवढं सांगतो. बॉल पायाला लागला की मी कुणाचा गडी नसायचो. साहेबानं गॉगल काढला आणि उभा राहून बघत राहिला. शेवटी टाळ्या वाजवत म्हणाला, "हा घ्या. ह्याला घ्यायचाच."

तेवढ्यात शेठनी खूण केली. मी जीपच्या आडोशाला गेलो.

"काढ शर्ट," शेठ म्हणाले. "साहेब सही घ्यायला बोलवतील आता."

मी शर्ट काढला. प्रभाकरनं तो दोन बोटांत धरला. "शी! किती घाण वास मारतोय याचा घाम." तरी घातला. मग त्यानं जीपमधला पाण्याचा तांब्या घेतला. केस ओले केले. कपाळावर शिंतोडे मारले, मानेवर मारले. जीपच्या आरशात बघितलं. समाधान झालं नाही म्हणून पुन्हा थोडं पाणी घेतलं. आणि मग उभ्या उभ्या धापा टाकून बघितल्या. आधी हळू, मग जोरात. शेठ म्हणाले, "बास, एवढं पुरे."

मी उघडाबंब समोर उभा होतो. माझ्या देखत चाललं होतं सगळं. बैलासमोर कपडे बदलायला कुणी लाजतं का? तसंच.

तोवर मी मनाची समजूत घातली होती. नोकरी गेली तर गेली, खेळ तर माझा आहे, तो कोण नेणार? आणि हा इसम तांब्यातून घाम काढत होता. मला भयंकर राग आला. त्याहून जास्त लाज वाटली, इतकी वर्षं मला राग आला नव्हता याची.

मी तसाच टेबलाकडे चालू लागलो. मागून शेठ दबक्या आवाजात ओरडले, "आरं ए, कुटं चाललास?" मी थांबलो नाही.

"साहेब, खेळलो मी. आता येईल तो नाय खेळलेला." आणि मी माझं नाव सांगितलं. बापाचं सांगितलं. वाडीचं सांगितलं.

मला वाटलं साहेब दचकेल. साहेबानं आरामात सिगारेट पेटवली.

"मग? मला दिसत नाही असं वाटलं का तुला? अर्जात त्याची उंची लिहिलीय, तुझ्यापेक्षा हातभर जास्त."

त्याला पहिल्यापासून माहीत होतं.

"अरे, नाव त्याचं आलंय वरून. नेमणूक त्याचीच होणार. वर फुटबॉलची काळजी आहे, तुझी कुणी केलीय?" मग तो जरा पुढे झुकला. "पण तू खेळतोस झकास. असं कर, नोकरी राहू दे त्याची. सामने असतील तेव्हा तू मुंबईला येत जा. त्याच्याच नावानं खेळ. जेवणखाण, जाणंयेणं आम्ही बघू."

शेठ एव्हाना धावत येऊन पोचले होते. त्यांनी हे ऐकलं आणि हात जोडले. मला म्हणाले, "बघ, बघ. किती मोट्या मनाचे हायती साहेब. पाया पड."

खरं सांगतो, जीभ हो म्हणायला वळली होती. मुंबईला हिरवळीवर खेळायचं, खरे खांब, खरी जाळी. त्या वयात ते मला स्वर्गासारखं वाटत होतं. नावाचं काय, नाव कुणाचंही असो, असं मी मनाशी म्हणतही होतो.

आणि तेवढ्यात प्रभाकर आला. धापा टाकत. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं की सोंग उघडं पडलंय. कपाळावरून तांब्यातलं पाणी ओघळतंय, छाती खालीवर होतेय. टेबलाला हात टेकून साहेबाला म्हणाला, "दमलो हो, साहेब."

मला हसू फुटलं. पोट धरून हसलो. ह्याला मी आयुष्यभर धाकले शेठ म्हणालो होतो! ह्याच्या बुटांना धक्का लागू नये म्हणून अंग चोरून बसलो होतो! शेठ बघत राहिले, साहेब बघत राहिला, आणि माझं हसणं थांबेना. थांबलं तेव्हा माझी भीती गेली होती.

"नाय," मी म्हणालो.

"काय नाही?" साहेबानं विचारलं.

"खेळनार नाय. ह्याच्या नावानं नाय, शेठच्या नावानं नाय, सरकारच्या नावानंबी नाय. माझ्या नावानं बोलवा. येतो."

"तुझ्या नावानं कोण बोलावतंय?" साहेब म्हणाला आणि पुढचं नाव पुकारलं.

मी चालत घरी आलो. पुढचं सगळं तुमच्या अंदाजासारखंच झालं. पाऊस तोंडावर आलेला असताना शेठनी खोपटं मोडायला लावलं. आम्ही वर, जंगलाच्या कडेला गेलो. बाप मरेस्तोवर म्हणत राहिला, पोरानं शेठचा शब्द मोडला. शेठनी त्याचं घर मोडलं, त्याचं त्याला काही नव्हतं. बापाचं ते बोलणं मला खोपटं मोडल्यापेक्षा जास्त लागलं. आजही लागतं.

प्रभाकर नोकरीत कायम झाला. खात्याच्या संघासाठी त्यांनी दुसरा कुणी गरजू शोधला असणार. तो म्हणे दर वर्षी वेगळा असायचा. प्रभाकर चढत गेला. आता तो खेळाडू निवडायच्या समितीवर आहे. सरकारनंच नेमलाय. बॉल हातानं मारतात की पायानं, एवढं त्याला नक्की ठाऊक असेल. जास्त मी सांगू शकत नाही.

आणि परवा रेडिओवर पुन्हा ऐकलं. लोकसभेत फुटबॉलची काळजी. एवढा मोठा देश, एवढी माणसं, आणि धड अकरा जण मिळेनात? कसे मिळतील? बसा काळजी करत. चांगली गादीवर बसून करा.

मी दिल्लीला विचारायला जाणार नाही. मी खालापूरला जातो. कर्जतला जातो. जिथं भरती असेल तिथं वाड्यांवरची पोरं घेऊन जातो. मजुरी बुडते, बुडू दे. गेल्या खेपेला टेबलामागे प्रभाकरच बसला होता. पोट सुटलंय, टक्कल पडलंय. माझ्याबरोबरच्या पोराला त्यानं विचारलं, "कुणाकडून आलास?"

पोरगा म्हणाला, "कुनाकडनं नाय. मीच आलोय."

त्याला घेतलं नाही. बाकीच्यांनाही नाही. सगळे पांगल्यावर प्रभाकर मला बाजूला घेऊन म्हणाला, "कशाला दर वेळी तंगडतोड करतोस? यांतला एकही लागणार नाही. तुलाही माहीत आहे."

मी त्याला पहिल्यांदा अरेतुरे केलं.

"माहीत हाय रं. तरी येनार. पुढल्या खेपेलाबी येनार, त्याच्या पुढल्याबी. ह्या टेबलाम्होरं उभा ऱ्हाऊन एकेका पोराचं नाव मोट्यानं पुकारनार, आन् खेळला कोन आन् घेतला कोन ते समद्यांना सांगनार. तुजं नावबी सांगनार. आन् तांब्याचंबी."

त्याचा चेहरा पडला. म्हणाला, "पोलीस बोलवीन."

म्हटलं, "बोलीव. त्यांच्याम्होरं बी सांगतो."