तेवीस, सोडून

हाटकेशच्या रस्त्यावरच्या त्या हार्डवेअरवाल्याच्या कपाळावर मला बघितलं की आठ्या पडायच्या. मी टेप मागायचे, तो एक टेप काउंटरवर टाकायचा, आणि मी म्हणायचे, अजून पाच-सहा काढा. "मॅडम, सब सेम कंपनी का माल है." "कंपनी सेम है भैया, टेप सेम नहीं है." मग सगळे टेप शेजारी शेजारी ओढून कुणाच्या रेघा कुणाशी जुळतात ते मी बघत बसायचे. पहिला मीटरभर सगळे गुण्यागोविंदाने नांदतात. त्यापुढे एखादा हळूच पुढे सरकतो, एखादा मागे राहतो. मागे खोळंबलेलं एखादं गिऱ्हाईक हमखास सुचवायचं, "भाईसाब को भेज दो ना." आमचे भाईसाब, म्हणजे माझा नवरा, ऑफिसात फायली सांभाळतात आणि घरी त्यांनी ठोकलेला प्रत्येक खिळा वाकडा आहे. पण ते मी कुणाला सांगत बसत नसे.

टेपच्या टोकाला जो हूक असतो, तो थोडा हलतो. लोकांना वाटतं, ढिला आहे, बदलून घ्या. उलट तो हलायलाच हवा. बाहेरून माप घेताना हूक ओढला जातो, आतून घेताना दाबला जातो, आणि त्याच्या पत्र्याची जाडी दोन्ही वेळा भरून निघावी म्हणून तो तेवढाच सरकतो. पत्र्याच्या जाडीइतका, त्याहून जास्त नाही. हे मी दुकानदाराला समजावलं आणि माझ्या धाकट्या भावालाही समजावलं. दोघांनीही मान डोलावली आणि विषय बदलला.

गुण्या घेताना तर मी पर्समधून सरळ कडेचा प्लायचा तुकडाच काढायचे. गुण्या म्हणजे सुताराचा काटकोन. कडेला तो लावून एक रेघ मारायची, मग उलटा करून त्याच जागेवरून दुसरी. दोन्ही रेघा एकीवर एक बसल्या तर गुण्या खरा. वर जाता जाता फाकल्या, तर तो कितीही चकचकीत असो, परत ठेवून द्यायचा. असे तीन-चार परत केल्यावर एक मिळाला. रेघ मारायला मी पेन्सिलही वापरत नसे, कारण पेन्सिलीच्या रेघेला जाडी असते आणि करवत रेघेच्या कुठल्या अंगाने चालवायची यावर कारागीर वाद घालतात. मी पातळ पात्याने चरा ओढायचे.

एवढा सोस कशासाठी, तेही सांगते. माझी नोकरी होती ते ऑफिस एक दिवस बंद पडलं. दुसरी नोकरी मिळायचं माझं वय राहिलं नव्हतं आणि इंद्रलोक वसाहतीतल्या आमच्या घरात बसून मी सगळ्यांच्या डोक्यावर मिऱ्या वाटत होते. बाबांचा हाटकेशला सुतारकामाचा गाळा. ते रत्नागिरीकडून आले तेव्हापासूनचा. बाबांच्या डोळ्यांना आता बारीक रेघा दिसत नव्हत्या. कापायला कारागीर होते, गिऱ्हाइकांशी गोड बोलायला आणि साईटवर मापं घ्यायला भाऊ होता, पण कापण्याआधी लाकडावर खुणा करायला भरवशाचं कुणी नव्हतं. मी जायला लागले. वर्षभरात गाळ्यातून एकही कपाट वाकडं गेलं नाही, आणि बाबा एकदा चहा पिताना आपणहून म्हणाले, "पेणकरपाड्याचं किचनचं काम नीट पार पडू दे, मग कागद करू. गाळा दोघांचा." मी चहाचा कप तसाच हातात धरून बसले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मला आणि त्याला एका वाक्यात, एका मापाने मोजलं होतं.

मापांचं काम मला नवीन नव्हतं. लहानपणी सुट्टीच्या दिवशी टेपचं दुसरं टोक धरायला बाबा मलाच न्यायचे, कारण भाऊ खेळायला गेलेला असायचा आणि त्याला हाक मारायची पद्धत नव्हती. बाबांच्या जुन्या टेपचा हूक झिजलेला होता. म्हणून ते टेपवरची एक इंचाची खूण कडेला लावायचे आणि तिथून माप घ्यायचे. साहजिकच आकडा एक इंचाने जास्त यायचा. करवतीच्या आवाजात वजाबाकी करत बसायला नको म्हणून ते दिसेल तो आकडा ओरडायचे आणि पुढे "सोडून" म्हणायचे. "अठ्ठावीस, सोडून!" म्हणजे मी फळीवर सत्तावीस लिहायचं. नुसतं अठ्ठावीस म्हणाले तर अठ्ठावीसच. एकदा मी इंच वजा करायला विसरले तर त्यांनी ती फळी माझ्यासमोर उभी केली आणि दिवसभर हलवू दिली नाही. अर्ध्या सुताचा, म्हणजे नखाच्या जाडीएवढाही फरक त्यांना खपायचा नाही. एकदा तयार झालेलं स्टूल पाय जरा आखूड झाला म्हणून त्यांनी सगळ्यांदेखत मोडलं होतं. मला त्यांची भीती वाटायची आणि त्याहून जास्त अभिमान वाटायचा.

पेणकरपाड्याच्या कामासाठी मी एकमेकांशी तंतोतंत जुळणारे दोन टेप घेतले. एक माझ्या टेबलावर, एक भावाला साईटवर. एका कामाचं माप आणि मार्किंग जुळ्या टेपनेच व्हायला हवं, हे त्याला बजावून सांगितलं. तिथे ओट्याखाली कडप्प्याचे खण तयार होते, आम्हाला फक्त त्यांना शटरं, म्हणजे दारं, बसवायची होती. त्याने तिथूनच मला व्हॉट्सअॅपवर आवाज पाठवला. "ताई, लिहून घे. पहिला तेवीस, सोडून. दुसरा साडेअठरा, सोडून." असं करत सगळे खण. मी ओळखलं की याने टेप आपटून हूक वाकवला आणि मला सांगायची लाज वाटतेय. रागही आला, पण बाबांचा शब्द याच्या कानात राहिलाय याचं खरं सांगायचं तर कौतुकच वाटलं. मी प्रत्येक आकड्यातून एक इंच काढला आणि चरे ओढले.

बसवायच्या दिवशी त्याचा फोन आला, "ताई, लगेच ये." गेले तर प्रत्येक शटरच्या कडेला बोट आरपार जाईल एवढी फट. लाकूड कापून कमी करता येतं, वाढवता येत नाही. ते कुटुंब नुकतंच लालबागहून इकडे राहायला आलेलं. घरच्या वहिनी कमरेवर हात ठेवून उभ्या. "काय हो ताई, झुरळांना जायला-यायला वेगळा दरवाजा केलाय का?" मी काही बोलायच्या आत भाऊ हसत हसत म्हणाला, "ताईने मार्किंगला एक इंच कमी धरला, वहिनी. घरातलंच माणूस आहे, काय बोलणार? आम्ही सगळं नवीन करून देतो."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. इंच त्याने आधीच वजा केलेला होता. हूक वाकला म्हणून एक इंचावरून माप घेतलं, मनातल्या मनात एक काढला आणि वर "सोडून" म्हणाला. म्हणजे सोडून झालंय, असं त्याच्या डोक्यात. तोच इंच मी पुन्हा काढला. पण गाळ्यात त्या शब्दाला दुसरा अर्थच नव्हता, आणि ज्याने तो शब्द घडवला तो माणूस अजून गाळ्यात बसून फळ्यांना पॉलिश मारत होता. गिऱ्हाइकासमोर घरचं भांडण नको म्हणून मी तडक गाळ्याकडे निघाले. बाबा काय ते सांगतील, एवढीच माझी खात्री होती.

गाळ्यात आल्यावर मी मोबाईल बाबांच्या कानाशी धरला. त्यांनी ते दोनदा ऐकलं. हातातलं फडकं डब्यावर ठेवलं. भाऊ दाराशी उभा होता.

"बाबा, तुम्हीच सांगा. सोडून म्हणजे काय?"

ते माझ्याकडे बघत नव्हते. "सोडून म्हणजे... सोडलेलंच की गो. त्याने सोडून सांगितलंन."

"आणि मला काय शिकवलंत तुम्ही?"

"तेव्हाचं वेगळं होतं, बाय."

"तेव्हा इंच वेगळा होता?"

"ताई, तू शब्दात काय पकडतेयस?" भाऊ मध्येच म्हणाला. "इथे काम चाललंय, कोर्ट नाय." बाबांनी त्याला हाताने गप्प केलं, आणि मला वाटलं, आता खरं बोलतील. ते बोललेही, अगदी हळू आवाजात, समजूत घालावी तसं. "हे बघ, पुढे गाळा त्याला चालवायचाय. गिऱ्हाइकात त्याचं नाव खराब होऊन कसं चालेल? तुझं काय, तू तुझ्या घरी सुखी आहेस. एवढं तू तुझ्यावर घे. आणि ते कागदाचं राहू दे आत्ता."

अर्ध्या सुतासाठी स्टूल मोडणारा माणूस पोरासाठी अख्खा इंच गिळून मोकळा झाला. मला भावाचा राग कधीतरी जाईल. त्याला काही येतच नाही, तो सावरून घेणारच. बाबांना सगळं येत होतं, सगळं आठवत होतं, आणि तरीही माझ्या तोंडावर त्यांनी शब्दाचा अर्थ फिरवला. हे मी विसरले नाही आणि विसरायची इच्छाही नाही.

मी टेबलापाशी गेले आणि माझी हत्यारं पिशवीत भरायला लागले. स्टीलची पट्टी, पातं, गुण्या, टेप. कारागीर खाली मान घालून काम करतायत असं दाखवत होते. मागून बाबांचा आवाज आला.

"बाय, तो गुण्या राहू दे. टेप पण. त्याच्याकडे धड एक नाय."

मी वळून बघितलं. ते हात पुढे करून उभे होते.

"उद्या ती शटरं परत मार्क करायचीत," ते म्हणाले. "आता चुकून चालायचं नाय."

म्हणजे चूक कुणाची होती, ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. आणि सांगायला शरम वाटते, पण एवढं सगळं होऊनही मला वाटलं, ते आता थांबवतील. मीच विचारलं, "मग उद्या मी येऊन मार्क करून देऊ का?"

"नको," बाबा म्हणाले. "हत्यारं असली की झालं."