निरोपाची शाल

चिक्कडपल्लीच्या तारामतीबाई प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून लागल्या आणि पहिल्याच आठवड्यात घोळ घालून बसल्या. जमिनीखालच्या खोल, कढत पाण्यातले जिवाणू विजेवर तापणाऱ्या ऐंशी अंशांच्या पेटीत ठेवलेले पाहून त्यांना कणव आली. त्यांनी बाटल्या उचलून सरळ फ्रिजमध्ये ठेवल्या. जिवाणूंची वाढच थांबली! बाईंनी बोलणी खाल्ली, पण पुढे तीस वर्षं त्या बाटल्यांना गार म्हणून पडू दिलं नाही.

निरोपाचा समारंभ ऐन मे महिन्यात झाला. साहेबांनी बाईंच्या अंगावर शाल घातली, नारळ दिला आणि भाषण सुरू करताच वीज गेली. सगळे वाऱ्याला बाहेर पळाले, बाई आत धावल्या.

"हौ रे लेकरांनो, आले, आले!" म्हणत त्यांनी अंगावरची शाल काढून बाटल्यांभोवती घट्ट गुंडाळली.

घरी नुसता नारळ गेला.